उरेब

खोक्यातून निघाला तेव्हा सांगाडा इतका हलका
की नान्नांनी एका हातानं उचलला, विचारलं,
बाकीची कुठंय?

बाकीची सात महिने येत राहिली.
पगार झाला की एक पुडकं.
मागचा शॉक कुणाचातरी वापरलेला, सील बदलून.
पुढचा चिमटा नाशिकहून.
आऱ्या मी स्वतः ताणल्या, साखर पेठेतल्या खोलीत,
एकेक छेडून, सूर जुळेपर्यंत.
बेअरिंगं याकूबभाईंनी बसवली. त्यांचं दुकान मागाच्या सुट्या भागांचं,
सायकलीला हात लावत नाही म्हणाले,
मग चष्मा पुसला
आणि दुपार घालवली.

तडा मात्र पहिल्या दिवसापासून होता.
खालच्या नळीवर, बोटभर लांब, केसाएवढा.
विकणाऱ्यानं लपवला नव्हता,
म्हणून तर परवडली.
नाण्यानं ठोकत गेलं की
टण् टण् टण्
आणि तिथं एकदम
ठप्.

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला.
दिवसाला चारशे टॉवेल दिव्यासमोर धरते,
धागा तुटलेला दिसला की लाल चिकटी.
इथं चिकटीनं भागणार नव्हतं.

कार्बनचं कापड आलं, काळं, हातभर.
नान्ना जवळ सरकले.
एकोणचाळीस वर्षं जेकार्ड मागावर,
आता डोळ्यांत मोतीबिंदू, अंगठा शाबूत.
अंगठ्यानंच वाचलं :
दोन वर, दोन खाली. ताणा-बाणा एकाच जाडीचा.
कुणी विणलंय?
मशीननं.
मशीन लावणारा असेलच की कुणीतरी.

मी पट्टीसारखं सरळ गुंडाळणार होते.
त्यांनी मनगट धरलं.
तू उभी राहून पायडल मारलंस की ही नळी पिळवटणार?
पिळवटणार.
मग उरेब काप.
सरळ धागा ओढ सोसतो, पीळ नाही.
खाली एक थर सरळ घाल, वर दोन उरेब.
ज्या माणसाला उभ्या जन्मात सायकल आली नाही
तो हे सांगत होता.

राळ लावली, वरून टेप आवळली, टेपला सुईनं भोकं.
जादा राळ घामासारखी थेंबथेंब बाहेर.
मग गच्चीवर, पत्र्यावर, एप्रिल, त्रेचाळीस.
लोक भट्टी विकत घेतात.
आमच्या पत्र्यावर पलीकडे काकूचे पापडही होते.
चौथ्या दिवशी नाणं घेतलं.
टण् टण् टण्
टण्.

हिप्परग्याच्या तलावामागं बंद पडलेली खडीची खाण.
पहाटे शॉकमध्ये हवा माझ्या वजनाला मोजून भरलेली,
हँडलचे बोल्ट पाच न्यूटन-मीटरला.
कार्बनला अंदाजानं आवळत नाहीत,
पान्याला टक् म्हणू द्यायचं असतं.
मुरूम, तरवड, मग उतार.
लहानपणापासून मी दगड चुकवत आले,
ही दगडावरूनच जाते, गिळते,
माझ्यापर्यंत फक्त बातमी येते.

तिसरी पायरी छातीइतकी.
काठावर दोनदा थांबले.
रखवालदार इरण्णा डबा उघडून बसला होता,
भाकरी मोडत म्हणाला,
पडलीस तर फोन कुणाला लावू?
नंबर सांगितला. त्यानं खरंच लिहून घेतला.

मग बूड मागं, कोपरं बाहेर,
चाकाखालून जमीन गेली,
परत आली, आणि कुठंतरी
ठप्.

तशीच उतरले. पाय लटपटत. खिशातलं नाणं.
टण्. टण्. टण्. ठिगळावर टण्.
आवाज माझ्या दातांचा होता.
जिभेला रक्ताची चव.
वरून इरण्णा ओरडला, लावू का?

घरी नान्नांनी ठिगळावर अंगठा फिरवला,
आधी सुलट, मग उलट,
धूळ विजारीला पुसली.
वजन?
चौदा किलो.
म्हणजे सात चादरी, ते म्हणाले.
थोड्या वेळानं,
हिच्यावर मोर नाही?
नाही.
मग एवढी महाग कशाला?